आर्म किती लांब हवा? एका रँग्लरसाठी लाँग आर्म किट निवडताना

गाडी जीप रँग्लर टीजे, २००१ चं दोन दारांचं मॉडेल. आधीच चार इंच उचललेली, टायर ३३ इंची, पुढे लोखंडी बंपर आणि विंच. मालक ती दगडांच्या चढावर चालवतात आणि तिथवर पोचायला महामार्गाचा लांबचा प्रवासही तिच्यातूनच करतात. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. ट्रेलरवर लादून नेल्या जाणाऱ्या गाडीला जे किट शोभतं, ते रोज शंभरच्या वेगाने पळणाऱ्या गाडीला त्रासदायक ठरू शकतं.

मालकांची मागणी स्पष्ट होती: बाजारात मिळेल तो सगळ्यात लांब आर्मचा (म्हणजे अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यांचा) हेवी-ड्यूटी संच, आणि त्यासोबत ३५ इंची टायर. तक्रारी चार होत्या. दगडावर किंवा खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की धक्का थेट मनगटापर्यंत येतो. खड्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचा भाग वर उचलला जातो आणि मागची चाकं जागच्या जागी उड्या मारतात. ठरावीक वेगानंतर खालून थरथर सुरू होते. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सतत सावरत राहावं लागतं.

या चारही तक्रारींवर लाँग आर्म हाच उपाय, असं त्यांना ठामपणे सांगण्यात आलं होतं. आम्ही किटचा विषय बाजूला ठेवून आधी गाडी मोजायला घेतली.

दोष कुठे होता

टीजे १९९७ ते २००६ या काळात तयार झाली. तिच्या आधीच्या रँग्लरला पाटे होते. टीजेला चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग आल्या. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. पाटा गाडीचं वजनही पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरतो. कॉइल फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये, स्वतःभोवती फिरू नये, हे सगळं काम आर्मचं. आणि आडवा सरकू नये, हे ट्रॅक बारचं. टीजेत पुढे आणि मागे प्रत्येकी दोन खालचे आर्म, दोन वरचे आर्म आणि एक ट्रॅक बार असतो. पुढचा खालचा आर्म डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमध्ये, जेमतेम १६ इंच.

कंपनीच्या उंचीवर हा आर्म जवळपास आडवा असतो. गाडी चार इंच उचलली की चॅसीकडचं टोक वर जातं आणि आर्म तिरका होतो. १६ इंचांच्या आर्मसाठी हा कोन साधारण साडेचौदा अंश होतो. आमच्या मापात पंधराच्या आसपास आला. खरी गोम इथे आहे. पुढचं चाक दगडावर आदळतं तेव्हा दगड त्याला मागे आणि वर ढकलतो. पण खाली झुकलेला आर्म वर जाताना आडवा होत जातो, म्हणजे त्याचं टोक चॅसीच्या बिजागरीपासून लांब, पुढे सरकतं. दगड म्हणतो मागे हो, आर्म म्हणतो पुढे हो. मध्ये सापडलेला जोर चॅसीला आणि तिथून स्टेअरिंगला जातो. स्प्रिंग कितीही मऊ घातल्या, शॉकअप कितीही भारी घेतले, तरी हा धक्का जात नाही, कारण तो स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही.

मागच्या उड्यांचं मूळही याच कोनात. मागचे आर्म अ‍ॅक्सलपासून पुढे आणि वर चॅसीकडे जातात. चाकं गाडीला पुढे ढकलतात तेव्हा खालचा आर्म दाबला जातो, आणि तो जितका तिरका तितका त्या दाबातला मोठा भाग गाडीला वर उचलण्यात जातो. मागचा भाग उठतो, अ‍ॅक्सल गाडीखाली ओढला जातो, पकड सुटते, गाडी बसते, पुन्हा पकड येते. ही साखळी सेकंदाला कैक वेळा घडली की तिचं नाव उड्या.

थरथर मात्र वेगळ्या घरची. या गाडीत एनपी२३१ ट्रान्सफर केस आहे, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणारी पेटी. तिच्या मागच्या बाजूला प्रोपेलर शाफ्ट सरकत्या योकवर (आत-बाहेर सरकणाऱ्या जोडावर) बसतो. दोन दारांच्या टीजेचा व्हीलबेस ९३.४ इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट मुळातच आखूड. गाडी उचलली की शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो आणि थरथर सुरू होते. लांब आर्म लावून हे बरं होत नाही. त्याला सरकता योक काढून पक्का योक बसवणं, ट्रान्सफर केसच्या टोकाला जोड-क्रॉसचा (दोन क्रॉस एकत्र असलेला) शाफ्ट घालणं आणि पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधला शाफ्ट जिथे जोडतो तो दांडा, ट्रान्सफर केसच्या तोंडाकडे, किंचित अंश-दोन अंश खाली, रोखणं हाच इलाज.

स्टेअरिंगचं भरकटणं आणखी वेगळं. पुढच्या ट्रॅक बारचा चॅसीकडचा जोड खिळखिळा झाला होता. एकाने स्टेअरिंग डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून जोडावर बोट ठेवायचं. ढिलाई बोटाला लगेच कळते. शिवाय कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन, साडेचार अंशांच्या आसपास उतरला होता, जिथे टीजेला सातच्या जवळ हवा. जोड बदलला, आर्मची लांबी जुळवून कॅस्टर शक्य तितका वर आणला, आणि कुठलंही किट न घेता स्टेअरिंगची बहुतेक तक्रार मिटली.

चारांतल्या दोनच तक्रारी आर्मच्या होत्या. पण त्या खऱ्या होत्या, आणि गाडीचा मुख्य वापर ज्या चढावर होतो तिथल्याच होत्या. म्हणून किट घेणं योग्यच होतं. प्रश्न कुठलं, एवढाच.

लांबीचा हिशेब

चार इंच उचललेल्या गाडीत आर्मचा कोन लांबीनुसार कसा बदलतो, हे मालकांना कागदावर काढून दाखवलं. १६ इंचांना साडेचौदा अंश. २४ इंचांना साडेनऊच्या थोडा वर. ३२ इंचांना सात. ३६ इंचांना साडेसहाच्या आत. पहिल्या आठ इंचांनी पाच अंश कमावले, पुढच्या आठांनी अडीच, आणि शेवटच्या चारांनी एक अंशही नाही. लांबीचा फायदा असा झपाट्याने आटत जातो.

तोटा मात्र आटत नाही. आर्म लांब झाला की त्याचा चॅसीकडचा ब्रॅकेट गाडीच्या पोटाकडे सरकतो. तो चॅसीच्या खाली लटकत असेल तर दगडाच्या धारेवरून जाताना पहिला तोच अडकतो. दोन चाकांच्या मधोमध खाली आलेला एक इंच हा टायरने मिळवलेल्या एका इंचापेक्षा महाग असतो, कारण तिथे गाडी टेकली की चारही चाकं हलकी पडतात. माझं स्पष्ट मत आहे की लाँग आर्म किट पाहताना सगळ्यात आधी आर्म पाहूच नये. ब्रॅकेट चॅसीच्या खाली किती लोंबतो आणि गिअरबॉक्सखालची प्लेट किती वर जाते, ते पाहावं.

तीन किट विचारात घेतली. पहिल्यात पुढे रेडियस आर्म, लांबी ३६ इंच. यात वरचा आर्म चॅसीपर्यंत जातच नाही. तो खालच्या आर्मवरच एका फांदीसारखा बोल्टने बसतो. बसवायला सोपं, एक्झॉस्टची अडचण नाही, पिनियनही चाक खाली उतरताना ट्रान्सफर केसकडे रोखलेला राहतो. पण अ‍ॅक्सल आर्मसोबत फिरतो: ३६ इंचांच्या आर्मवर चाकं चार इंच खाली लोंबली की कॅस्टर सहा अंशांहून जास्त घसरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दोन्ही आर्म अ‍ॅक्सलला उलट दिशांना पिळतात. बुश जेवढं दबतं तेवढीच लवचिकता मिळते. शिवाय त्याचे ब्रॅकेट चॅसीखाली स्पष्ट लोंबत होते. दगडांवर हळू चालणाऱ्या या गाडीसाठी ते बाद. वाळूत किंवा कच्च्या रस्त्यावर वेगाने पळणारी गाडी असती, तर मी ते इतक्या लवकर बाजूला ठेवलं नसतं.

दुसरं मिड आर्म, साधारण २४ इंचांचं, जुन्या ब्रॅकेटच्या आसपास बोल्टने बसणारं. कमी कापाकापी, पोट मोकळं. पाच अंशांचा फायदा यात मिळालाच असता. ज्याची गाडी तीन इंचांपर्यंतच उचललेली आहे, त्याला मी हेच सुचवतो.

तिसऱ्यात पुढे थ्री-लिंक, म्हणजे दोन खालचे आणि एकच वरचा आर्म, सोबत ट्रॅक बार. मागे फोर-लिंक, वरचे दोन आर्म चॅसीपासून डिफरन्शियलच्या डोक्याकडे एकत्र येणारे; त्या तिरकेपणामुळे मागे ट्रॅक बारची गरज उरत नाही. आर्म ३२ इंचांचे, ब्रॅकेट सगळे वेल्डिंगचे, आणि त्यांनाच जोडलेली एक सपाट जाड प्लेट, जी ट्रान्सफर केसला वर घेते.

पुढेही मागच्यासारखं तिरक्या आर्मचं फोर-लिंक का नाही, हे मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पुढे स्टेअरिंग बॉक्स चॅसीवर आहे आणि तिथून ड्रॅग लिंक चाकाकडे जाते. ही लिंक आणि ट्रॅक बार एकमेकांना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असले, की चाक वर-खाली होताना दोघं सारखाच चाप काढतात. ट्रॅक बार काढला, तर अ‍ॅक्सल सरळ वर-खाली होतो आणि ड्रॅग लिंक मात्र चाप काढते. प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते. पूर्ण हायड्रॉलिक स्टेअरिंग असलेल्या गाडीत ते चालतं, कारण तिथे ड्रॅग लिंकच नसते. महामार्गावर जाणाऱ्या या गाडीत नाही.

हेवी-ड्यूटी म्हणजे काय

जाहिरातीत हा शब्द रंगाच्या जाडीपासून बोल्टच्या चकाकीपर्यंत कशालाही लावतात. मी नळी, जोड आणि वरचा एकटा आर्म या तीनच ठिकाणी त्याचा अर्थ शोधतो.

खालचा आर्म दगडावर टेकतो. कधी कधी गाडीचं अर्धं वजन त्याच्या मधोमध येतं. आर्मची लांबी दुप्पट झाली की त्याच दगडाने त्याच्यावर येणारा वाकवणारा ताणही दुप्पट होतो. म्हणून आखूड आर्मला पुरणारी नळी लांब आर्मला पुरत नाही. दीड इंच व्यासाची पाव इंच जाडीची नळी आणि दोन इंच व्यासाची तितक्याच जाडीची नळी यांची तुलना केली, तर वजन चाळीस टक्क्यांनी वाढतं आणि वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. हा सौदा घ्यावाच. वरच्या आर्मला दगड लागत नाही, त्याला फक्त ओढ आणि दाब सोसायचा असतो. तिथे बारीक नळी चालते. किटच्या कागदावर ‘डीओएम’ लिहिलेलं असतं, ती नळी ओढून काढण्याची पद्धत आहे, पोलादाचा दर्जा नाही. म्हणून व्यास आणि जाडी इंचांत, आणि पोलादाचा ग्रेड, हे तिन्ही लेखी मागावं.

थ्री-लिंकमध्ये वरचा आर्म एकटा असतो, त्यामुळे त्याचा जोर मोजून पाहिला. ३३ इंची टायर, खालचा जोड जमिनीपासून अंदाजे १३ इंच वर, आणि वरच्या-खालच्या जोडांमध्ये उभं अंतर ८ इंच. ब्रेक मारल्यावर पुढच्या दोन्ही टायरवर मिळून जितका जोर येतो, त्याच्या दीडपटीहून जास्त जोर त्या एका वरच्या आर्मवर येतो. हे अंतर ६ इंचांवर आणलं तर तोच आकडा दुपटीच्या पुढे जातो. टायरच्या व्यासाच्या साधारण चौथा हिस्सा इतकं उभं अंतर ठेवावं, असा ऑफ-रोडवाल्यांत प्रघात आहे; त्यामागचं कारण हेच. तिसऱ्या किटमध्ये हे अंतर ८ इंचांच्या जवळ होतं आणि अ‍ॅक्सलवरच्या वरच्या जोडाला ट्यूबवर पसरणारा आधार दिलेला होता. त्याविना मी ते किट घेऊ दिलं नसतं.

जोडांच्या बाबतीत मालकांचा कल दोन्ही टोकांना उघड्या लोखंडी बॉल-जोडांकडे होता. ते लवचिक असतात, ताकदवान असतात, पण चिखल-वाळूत लवकर खातात आणि रस्त्याची प्रत्येक कुरकुर गाडीत आणतात. आम्ही चॅसीच्या टोकाला ग्रीस भरता येणारा आणि उघडून दुरुस्त करता येणारा गोल जोड ठेवला, अ‍ॅक्सलच्या टोकाला रबरी बुश. प्रत्येक आर्मचं किमान एक टोक मोकळं पिळायला हवं, तेवढं यात साधतं. गोल जोडाच्या आट्या नळीत किती आत आहेत हेही पाहायला हवं. आट्यांच्या व्यासाइतकी पकड तरी आत हवीच, कारण लांबी जुळवायच्या नादात जोड बाहेर काढत गेलं की आर्म नेमका तिथेच तुटतो.

मागचा अ‍ॅक्सल आडवा आला

तिसरं किट ठरत आलं आणि एक अडचण समोर उभी राहिली. मागच्या फोर-लिंकसाठी डिफरन्शियलच्या वर आधार-ब्रॅकेट वेल्ड करावा लागतो. या गाडीला मागे डाना ३५ अ‍ॅक्सल होता. तो मोठ्या टायरवर आणि दगडांवर कमजोर पडतो, हे टीजेवाल्यांत सर्वश्रुत आहे, आणि मालकांना तर ३५ इंची टायर घालायचे होते. उद्या जो अ‍ॅक्सल काढून टाकायचा, त्याच्यावर आज इतकं वेल्डिंग करणं म्हणजे काम आणि पैसा दोन्ही वाया. टीजेला जास्त मजबूत डाना ४४ अ‍ॅक्सल कंपनीकडूनच पर्याय म्हणून मिळत असे, त्यामुळे तो या गाडीखाली सरळ बसतो. टायरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम डाना ४४ साठी वळवावी, हा सल्ला मालकांना पटायला वेळ लागला, पण पटला.

कापायला सुरुवात करण्याआधी चॅसी तपासली. टीजेच्या चॅसीत मागच्या खालच्या आर्मच्या ब्रॅकेटजवळ चिखल आत साचतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो, खाल्लेल्या जागी बद्द. या गाडीत उजव्या बाजूला हातभर जागा बद्द वाजली. तिथे पत्रा कापून नवा भरला आणि वर पट्टी चढवली. ही तपासणी न करता लाँग आर्म ब्रॅकेट वेल्ड करणं धोक्याचं आहे. जुने ब्रॅकेट एकदा कापले की परत फिरता येत नाही.

बसवताना

स्प्रिंग न घालताच अ‍ॅक्सल जॅकने वर-खाली, आडवा-तिरका, पूर्ण मर्यादेपर्यंत फिरवून पाहिला. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण टाळतात. इथेच कळलं की ब्रेकचे मूळ पाइप पूर्ण लोंबल्यावर ताणतात, एक्झॉस्ट वरच्या आर्मला बोटभर अंतरावर येतो, आणि जुने शॉकअप स्प्रिंगच्या आधी संपतात. लांब पाइप, वळवलेला एक्झॉस्ट, योग्य लांबीचे शॉकअप आणि उंच बंप-स्टॉप (अ‍ॅक्सलला वर येताना अडवणारे ठोकळे) घातले. रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी राहिल्यानंतरच पूर्ण आवळले. चाकं लोंबत असताना आवळले, तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

एक गोष्ट किटच्या कागदात कुठेच नव्हती. चॅसीकडे आत वळत जाणारे लांब आर्म पुढच्या टायरच्या आतल्या कडेजवळून जातात. एक चाक पूर्ण लोंबलेलं आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा अवस्थेत टायर आर्मवर चक्क टेकला. रबराचा काळा पट्टा आर्मवर उमटला. स्टेअरिंगचे थांबे, म्हणजे चाक किती वळावं ते अडवणारे बोल्ट, आणखी बाहेर घेतले, चाक कमी वळू लागलं आणि ते अंतर मोकळं झालं.

नंतर

खालच्या आर्मचा कोन सातच्या आत आला. ज्या चढावर मागची चाकं उड्या मारत होती, तिथे गाडी आता दबून, चाकं जमिनीला धरून चढते. पुढचा मनगटातला धक्का गेला. नव्या प्लेटमुळे पोटाखाली पूर्वीपेक्षा जास्त जागा आहे, आणि मला या कामातलं सर्वाधिक समाधान त्याचंच आहे. थरथर नव्या योकने आणि शाफ्टने गेली. तिचं श्रेय किटला देऊ नये.

वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. जुन्या आखूड आर्मचे पिळलेले बुश नकळत गाडी कलण्याला विरोध करत होते. मोकळ्या जोडांनी तो विरोध काढून घेतला. पुढे सहज सुटणारा अँटी-रोल बार बसवला. तो महामार्गावर जोडलेला ठेवायचा, चढाच्या पायथ्याशी सोडायचा.

वळणाचा घेर मात्र वाढला आहे आणि वाढलेलाच राहील. अरुंद चढावर जिथे पूर्वी एका दमात वळण मिळायचं, तिथे आता एकदा मागे घ्यावं लागतं. ३५ इंची, जास्त रुंद टायर घातले तर आतली कड आर्मच्या आणखी जवळ येईल, थांबे आणखी बाहेर घ्यावे लागतील आणि घेर आणखी वाढेल. हे त्यांना गाडी जागेवर पूर्ण वळवून, टायर आणि आर्ममधल्या फटीत हात घालून दाखवलं. डाना ४४ खाली असूनही टायर सध्या ३३ इंचीच आहेत.